मराठी नव्याने शिकणाऱ्या मुलांस जिल्ह्याचा भूगोल : नकाशा, प्रतिकृती आणि चित्रे

धारणी व चिखलदरा तालुक्यांतील पुष्कळ शाळांत पहिलीला दाखल होणारे मूल घरी कोरकू बोलते. बाजाराच्या दिवशी त्याच्या कानांवर हिंदी पडते. मराठी मात्र त्याला बहुधा शाळेतच प्रथम भेटते. दोन वर्षे उलटून मूल तिसरीत आले की आपण त्याच्यापुढे जिल्ह्याचा भूगोल मांडतो. तिसरीस जिल्हा व चौथीस राज्य हा क्रम आपल्याकडे जुना आहे आणि तो योग्यही आहे. 'पूर्णा ही तापीची उपनदी आहे' हे वाक्य ते मूल चार दिवसांत बिनचूक म्हणू लागते. उपनदी म्हणजे काय, असे विचारले की गप्प बसते. या गप्प बसण्याचा अर्थ आपण काय लावतो यावर त्या मुलाचे पुढील शिक्षण पुष्कळसे अवलंबून आहे.

'मूल मंद आहे' असा शेरा आपल्या मनात चटकन उमटतो, आणि एकदा उमटला की तो पुसणे कठीण असते. वस्तुतः दोन ओढे जेथे मिळतात तेथे हेच मूल दर पावसाळ्यात खेकडे धरीत उभे असते. कोणता ओढा मोठा, कोणता पाऊस थांबताच आटतो, लोंढा कोणत्या बाजूने आधी येतो, हे त्याला त्याच्या शिक्षकाहून अधिक ठाऊक असते. त्याच्यापाशी वस्तू आहे, शब्द नाही. शहरातील मुलापाशी पुष्कळदा शब्द असतो, वस्तू नसते. या दोन अडचणी अगदी निरनिराळ्या आहेत. तरी आपण दोघांनाही एकच धडा एकाच रीतीने वाचून दाखवितो.

नकाशा, मातीची प्रतिकृती, चित्र, नमुना यांस आपण 'शैक्षणिक साधने' म्हणतो आणि तपासणीच्या वेळी त्यांची यादी करतो. ज्या वर्गात शिक्षकाची भाषा एक व मुलांची दुसरी आहे, त्या वर्गात या साधनांचे काम यादीपुरते नाही. मातीच्या डोंगरावर शिक्षक बोट ठेवतो व मराठी शब्द उच्चारतो. त्याच डोंगरावर मूल बोट ठेवते व कोरकू शब्द उच्चारते. दोघांची बोटे एका जागी टेकली म्हणजे अर्थ कळला. ही सोय पुस्तकातील वाक्यात नाही. म्हणून अशा वर्गात साधन धड्यानंतर दाखवावयाचे नसते. धडाच साधनापासून सुरू व्हावयास हवा.

ही कल्पना नवी नाही. मोराव्हियातील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी एक चित्रपुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील प्रत्येक चित्रातील वस्तूंना आकडे घातलेले होते, आणि शेजारी त्याच आकड्यांनी त्या वस्तूंची नावे लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांत छापलेली होती. मुलाने आपल्या भाषेतून परक्या भाषेत जावयाचे ते चित्रावर पाय देऊन, हे त्यातील सूत्र होते.

आपल्या प्रश्नाला याहूनही जवळचे उदाहरण फ्रान्समधील आहे. तेथे १८८१ व १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, तेव्हा खेड्यांतील असंख्य मुलांची घरची भाषा फ्रेंच नव्हती. ब्रिटनी प्रांताच्या पश्चिम भागात ब्रेटन, दक्षिणेत ऑक्सितान अशा बोली होत्या. या मुलांना फ्रेंच भाषा आणि फ्रान्स देश ही दोन्ही एकाच वेळी शिकावयाची होती. त्या काळी तेथे दोन साधने फार पसरली. एक म्हणजे १८७७ मध्ये निघालेले वाचनाचे पुस्तक. लॉरेन प्रांतातील चौदा व सात वर्षांचे दोन पोरके भाऊ देशभर हिंडतात आणि वाटेत एकेक प्रदेश, त्याची पिके, त्याचे कारखाने पाहतात, असे त्याचे कथानक होते व पानोपानी चित्रे होती. ऑग्युस्तीन फुइये या बाईंनी ते जी. ब्रुनो या टोपणनावाने लिहिले. दुसरे साधन म्हणजे भूगोलशास्त्रज्ञ विदाल द ला ब्लाश यांचे भिंतीवरील नकाशे. ते १८८५ पासून निघू लागले. जाड पुठ्ठ्याच्या एका बाजूस नावे छापलेला नकाशा व पाठीमागे त्याच प्रदेशाचा बिननावाचा नकाशा अशी त्यांची रचना होती. पहिल्यास ते 'बोलका' व दुसऱ्यास 'मुका' नकाशा म्हणत. शिक्षक नकाशा उलटवी आणि मुलांनी नावे सांगावयाची.

याच शाळांत आणखी एक गोष्ट चाले, तीही सांगितली पाहिजे. ब्रिटनीत जे मूल शाळेत ब्रेटन बोलताना सापडे त्याच्या गळ्यात लाकडी जोडा किंवा असेच एखादे चिन्ह अडकवीत. दुसरे मूल तसेच बोलताना सापडले म्हणजे ते चिन्ह त्याच्या गळ्यात जाई. दिवसअखेर ज्याच्या गळ्यात ते उरे त्याला शिक्षा. त्या पद्धतीने मुले फ्रेंच शिकली हे खरे. परंतु आपल्या आजीची भाषा ही लाजेची वस्तू आहे हेही ती त्याबरोबरच शिकली. आपण तेथून नकाशा घ्यावा आणि जोडा तेथेच राहू द्यावा. आपल्या वर्गात कोणी जोडा बांधीत नाही, हे खरे. तथापि 'मराठीत बोल' असे दरडावून म्हटले की त्याचा परिणाम लहान मुलावर फारसा वेगळा होत नाही. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी असे आपल्या राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदात १९५६ पासून नमूद आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, जेथे शक्य असेल तेथे, घरच्या भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला आहे. सर्वच शिक्षकांना कोरकू येईपर्यंत थांबणे मात्र आपल्याला परवडणारे नाही. आजच्या वर्गात आज काय करता येईल, एवढाच विचार येथे केला आहे.

कोरकू ही मराठीची बोली आहे, असा समज काही नव्या शिक्षकांत आढळतो. तो चुकीचा आहे. कोरकू मुंडा कुळातील आहे. संथाळी, मुंडारी या झारखंड-ओडिशाकडील भाषा तिच्या नात्यातल्या, आणि त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडील भाषा ती आपल्या मेळघाटात व लगतच्या मध्य प्रदेशात बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक लोक होते. शेजारची गोंडी द्राविडी कुळातील आणि मराठी-हिंदी आर्य कुळातील. म्हणजे एकाच बाजारात तीन भाषाकुळे भेटतात. पाण्याला कोरकूत 'डा', वाघाला 'कुला', घराला 'उरा' म्हणतात. 'पाणी' हा शब्द ऐकून कोरकू मुलाला त्याचा अर्थ अंदाजाने कळेल अशी आशा धरण्यात काही अर्थ नाही, हे यावरून ध्यानात यावे. उच्चार गावोगाव थोडे बदलतात. तेव्हा शब्द पुस्तकातून न घेता वर्गातील मुलांकडूनच घ्यावेत आणि देवनागरीत लिहून ठेवावेत.

आता प्रत्यक्ष धड्याकडे वळू. पहिली सूचना अशी की, जिल्ह्याचा नकाशा प्रथम भिंतीवर टांगू नये, जमिनीवर अंथरावा. पुष्कळ शाळांत नकाशा वाळवीच्या भीतीने आढ्याजवळ टांगलेला असतो, तेथे शिक्षकाची काठीदेखील जेमतेम पोचते. परंतु उंचीपेक्षाही मोठी अडचण निराळी आहे. धारणी तालुक्यातील एका शाळेत सिपना नदीचा पाठ चालला होता. सिपना सेमाडोहवरून वाहत उत्तरेकडे तापीला मिळते. म्हणजे भिंतीवरील नकाशात ती खालून वर जाते. शिक्षकांनी काठी खालून वर नेली. एक मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, पानी ऊपर कैसे चढेगा?" वर्ग हसला. शिक्षक हसले नाहीत, ही समाधानाची गोष्ट. मुलाचे म्हणणे बरोबर होते. भिंतीवर 'वर' म्हणजे आढ्याकडे, आणि पाणी आढ्याकडे जात नाही. आपण मात्र 'नकाशात वर उत्तर असते' असे सांगून दोन निराळ्या गोष्टींना एकच शब्द देतो. मेळघाटातील जवळजवळ सर्व मोठ्या नद्या, म्हणजे खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार, तापीकडेच जातात. तेव्हा हा घोटाळा तेथील प्रत्येक वर्गात होत असला पाहिजे. तो बोलून दाखविणारे मूल क्वचित भेटते इतकेच.

म्हणून नकाशा अंगणात अंथरावा. सकाळी सूर्याकडे तोंड करून मुलांना उभे करावे, डावा हात पसरावयास लावावा, आणि ज्या बाजूस हात गेला त्या बाजूस नकाशाची उत्तर फिरवावी. मग मुलांनी नकाशाभोवती बसावे. आता उत्तर म्हणजे डोंगरापलीकडची, तापीची बाजू. ती वर नाही, खाली नाही, त्या तिकडे आहे. 'इकडे', 'तिकडे', 'जवळ', 'दूर', 'डावीकडे' हे मराठी शब्द याच वेळी सहज येतात, कारण ते बोटाने दाखविता येतात. चार-सहा दिवस नकाशा असा अंथरल्यावर मुलांनीच तो उचलून भिंतीवर लावावा. उचलताना उत्तर वर जाते हे त्यांच्या हातांना कळते.

दुसरे आणि सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे मातीची उठावाची प्रतिकृती. ती विकत आणू नये, मुलांनी करावी. करताना जितके बोलणे होते तितके पाहताना होत नाही. जागा शाळेच्या मागील बाजूस, सुमारे दीड मीटर लांब-रुंद घ्यावी. एक सेंटिमीटरास एक किलोमीटर हे प्रमाण धरले तर अमरावती जिल्ह्याचा आपल्याला लागणारा भाग तीत बसतो, आणि पश्चिमेस अकोल्याची बाजू थोडी वाढविता येते. कोरी काळी माती वापरू नये. ती वाळली की भेगाळते आणि आठ दिवसांत गाविलगडाचे तुकडे होतात. काळ्या मातीत वाळू व कागदाचा लगदा मिसळावा, किंवा धाब्याच्या घरांवर घालतात ती पांढरी माती घ्यावी. मैदानी शाळांनी मात्र एका कोपऱ्यात निव्वळ काळ्या मातीचा तुकडा मुद्दाम ठेवावा. उन्हाळ्यात वावरात भेगा का पडतात हा धडा तो तुकडा स्वतःच देतो.

उंचीविषयी सावध राहावे. पायथ्याचे मैदान समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंच आहे, चिखलदरा सुमारे ११०० मीटर. फरक ८०० मीटरांचा. वरील प्रमाणाने पाहिल्यास चिखलदरा मैदानापासून अवघे आठ मिलिमीटर उंच येईल, म्हणजे बोटाच्या अर्ध्या पेराएवढेही नाही. एवढ्याशा उंचीवरून पाणी नीट वाहणार नाही, तेव्हा उंची दहापट, म्हणजे आठ सेंटिमीटर करावी. परंतु ही दहापट आहे हे मुलांपासून लपवू नये. प्रतिकृतीशेजारी खऱ्या प्रमाणाची आठ मिलिमीटर जाडीची मातीची पट्टी ठेवावी. हे न केल्यास डोंगर जितका रुंद तितकाच उंच असतो अशी मुलांची कल्पना होते. काही शाळांत वीतभर उंचीचे सुळके मी पाहिले आहेत. ते शोभतात छान, पण तसा गाविलगड कोठे नाही. आपल्या डोंगरांचे माथे बहुधा सपाट, कडे तुटलेले, असे आहेत. बेसाल्ट खडकाच्या थरांवर थर बसून बनलेल्या प्रदेशाचे हे लक्षण आहे. सपाट माथा करावयास सोपाही असतो.

आकार पुढीलप्रमाणे घ्यावा. उत्तरेच्या कडेला तापीचा खोल पाट. त्याच्या दक्षिणेस गाविलगडाची रांग. रांगेच्या दक्षिणेस पूर्णेचे रुंद, सपाट खोरे. हे गव्हाणीसारखे मध्ये खोलगट करावे. त्याच्याही दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचे पठार, जे पातूर-वाशीमकडे चढत जाते. (वाशीम १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, पूर्वी तो भाग अकोल्यात होता.) पूर्वेच्या कडेला वर्धा नदी. वऱ्हाडचे जुने तीन भाग या प्रतिकृतीत आपोआप दिसतात : मेळघाट, पायनघाट, बालाघाट. फारसीत 'पाईं' म्हणजे खालचा आणि 'बाला' म्हणजे वरचा. घाटाखालचा तो पायनघाट, घाटावरचा तो बालाघाट. ही नावे पाठ करावयाची नाहीत. प्रतिकृतीवर हात फिरविला की ती कळतात.

प्रतिकृती वाळल्यावर पाण्याचा धडा घ्यावा. तो एका तासात उरकू नये. एका मुलाने झारीने गाविलगडाच्या माथ्यावर पाणी घालावे आणि बाकीच्यांनी फक्त पाहावे. थोडे पाणी उत्तरेकडे उतरते, थोडे दक्षिणेकडे. उत्तरेचे सिपना-गाडग्याच्या वाटेने तापीत जाते. दक्षिणेचे चंद्रभागा व शहानूरच्या वाटेने पूर्णेत येते. आता विचारावे : ही दोन पाणी एकमेकांस कधी भेटणार नाहीत काय? मुले पश्चिमेकडे बोट फिरवू लागतात. जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते, म्हणून प्रतिकृतीचा पाट तेथवर वाढवावा आणि शेवटी एक टोपले किंवा भांडे ठेवावे. डोंगराच्या माथ्यावर दुभंगलेले पाणी त्या भांड्यात पुन्हा एक होते. ज्या क्षणी मूल हे पाहते त्या क्षणी 'उपनदी' व 'संगम' हे दोन शब्द द्यावेत. आधी नको. शब्दाची गरज भासल्यावर दिलेला शब्द टिकतो. कोरकू मुले त्या वेळी आपापसांत स्वतःचा शब्द उच्चारतात, तोही फळ्यावर शेजारी लिहावा.

दुसऱ्या दिवशी झारी पूर्वेकडे न्यावी. मोर्शी-वरुडच्या बाजूस पडलेले बरेचसे पाणी वर्धेत जाते, वर्धेतून प्राणहिता, प्राणहितेतून गोदावरी, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. तापीचे पाणी सुरतेजवळ अरबी समुद्रात. म्हणजे आपल्या एकाच जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांत जाते. दोन बाजूंस दोन भांडी ठेवली की हे दिसते. आणखी एक नवलाची गोष्ट वरच्या वर्गांना सांगण्याजोगी आहे. तापी व वर्धा या दोन्ही नद्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्याच मुलखात उगम पावतात. एक पश्चिमेस जाते, दुसरी पूर्वेच्या समुद्राची वाट धरते. अकोल्याच्या शिक्षकांनी हाच पाठ दक्षिणेच्या पठारावर घ्यावा. तेथून मोर्णा व काटेपूर्णा उत्तरेस उतरून पूर्णेत येतात, तर पलीकडच्या उताराचे पाणी पैनगंगेतून पूर्वेकडे जाते. पाणलोट हा शब्द अवघड आहे, परंतु घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस दोन्ही पाख्यांनी उतरतो हे सर्व मुलांनी पाहिलेले असते.

यानंतर मुका नकाशा. विदालच्या नकाशाप्रमाणे पुठ्ठ्याच्या दोन बाजू करणे आपल्याला काही अशक्य नाही. खाकी कागदाच्या मोठ्या तावावर कोळशाने नद्या व डोंगर काढले तरी पुरे. नावे मात्र कागदावर लिहू नयेत. नावांच्या चिठ्ठ्या वेगळ्या कराव्यात, प्रत्येक चिठ्ठीवर दोन ओळी : वर मराठी, खाली मुलांनी सांगितलेले कोरकू. ओढा, डोंगर, वाट, जंगल, गाव यांची कोरकू नावे मुलांना येतात. आपल्या गावाजवळच्या टेकडीला, डोहाला, झऱ्याला गावात जे नाव आहे तेच घ्यावे. ते छापील नकाशात नसते म्हणून कमी प्रतीचे ठरत नाही. अशी नावे मुलांना नेहमी येतातच असे नाही. एखाद्या आजीला वर्गात बोलवावे, प्रतिकृतीजवळ बसवावे आणि मुलांना विचारू द्यावे. शिक्षकाने त्या वेळी वहीत लिहीत राहावे, बोलू नये. म्हाताऱ्या माणसाला मातीचा डोंगर ओळखू येतो की नाही, हाच आपल्या प्रतिकृतीचा खरा तपास.

मुक्या नकाशावर परीक्षाही चांगली होते. ज्या मुलाला अजून पूर्ण मराठी वाक्य बोलता येत नाही त्याने चिठ्ठी योग्य जागी ठेवली, किंवा 'सेमाडोहहून परतवाड्यास जा' म्हटल्यावर वाटेवर बोट बरोबर फिरविले, तर त्याला भूगोल आला आहे. त्याचे गुण भूगोलाचे म्हणून द्यावेत. मराठी कितपत आली हे त्या दिवशी वेगळे पाहावे. या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे हुशार मुले मागे पडलेली मी पाहिली आहेत. तोंडी उत्तराची वेळ आली तर आधी दोन शब्दांचे उत्तर मान्य करावे : 'सिपना, तापी.' क्रियापद मागाहून येते.

चित्रांविषयी थोडा इशारा दिला पाहिजे. चित्र दाखविले की मूल ते समजलेच, असे आपण गृहीत धरतो. ज्याने समुद्र, आगगाडी किंवा मोठे धरण पाहिलेले नाही त्याला चित्रातील आकाराचा अंदाज येत नाही. धरणाच्या चित्रात भिंतीवर माणूस दिसत असेल तरच ते चित्र निवडावे. मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा धरणाचे चित्र दाखविताना 'या भिंतीजवळ आपली शाळा केवढी दिसेल?' असे विचारून मुलांना शाळा खडूने काढावयास लावावी. आज बहुतेक शिक्षकांच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर उपग्रहातून घेतलेले आपल्या गावाचे चित्र दिसते. हे साधन उत्तम आहे, पण ते शेवटचे आहे, पहिले नव्हे. प्रतिकृती व मुका नकाशा हाताखालून गेल्यावर मुले त्या चित्रात आपली नदी व आपला डोंगर क्षणात शोधतात. आधीच दाखविले तर त्यांना हिरवे-तपकिरी डाग दिसतात आणि ती यंत्राकडे पाहत बसतात. पावसाळ्यानंतरचे व उन्हाळ्यातले अशी एकाच जागेची दोन चित्रे मिळाली तर मेळघाटातील सागाची पानगळ त्यांत स्पष्ट दिसते.

हे सर्व मेळघाटापुरतेच आहे असे मैदानी शाळांतील शिक्षकबंधू व भगिनींनी समजू नये. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा या बाजूंचे मूल वऱ्हाडी बोलते; पुस्तकात 'शेत' असते, त्याच्या घरी 'वावर' असते; पुस्तकात 'कापसाचे झाड', घरी 'पऱ्हाटी'. अंतर कोरकूइतके नाही, तथापि आहे. त्या मुलाची अडचण मेळघाटाच्या उलट आहे. त्याने डोंगर जवळून पाहिलेला नसतो. उलट एक गोष्ट त्याच्या रोजच्या तोंडी असते, ती म्हणजे खारे पाणी. पूर्णेच्या दोन्ही बाजूंस अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा हा आपल्या भूगोलाचा फार मोठा विषय आहे. विहिरीला पाणी आहे पण पिता येत नाही, ओलितालाही चालत नाही, हे दुःख तेथील प्रत्येक घर जाणते. याचे दृक्‌साधन दोन थाळ्यांचे आहे. एका थाळीत विहिरीचे वाटीभर पाणी, दुसरीत पावसाचे किंवा नळाचे तितकेच पाणी घालून दोन्ही उन्हात ठेवाव्यात. पाणी आटल्यावर विहिरीच्या थाळीत पांढरा थर उरतो. मुलांनी तो बोटाने पाहावा. मग पूर्णेच्या गव्हाणीत प्रतिकृतीवर चुना भुरभुरून पट्टा दाखवावा आणि आपले गाव त्याच्या आत आहे की बाहेर हे मुलांनी ठरवावे. चुन्याची पांढरी पट्टी पाहून एखादे मूल 'आमच्या मामाच्या गावचं पाणी गोड आहे' असे सांगते. ते गाव चुन्याच्या बाहेर आहे काय, हे तेथल्या तेथे पाहता येते.

पिकांसाठी नमुन्यांचा नकाशा करावा. यावर फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो पुष्कळ शाळांत होतो. पायनघाटावर सरकी, तूर, सोयाबीन. वरुड-मोर्शीवर संत्र्याची वाळलेली साल. अंजनगाव सुर्जीवर पानपिंपरी. चिखलदऱ्यावर मिळाल्यास कॉफीचे बी. मेळघाटात सागाचे पान व मोहाचे फूल. दाणे चिकटविलेला नकाशा मुंग्या व उंदीर एका हंगामात खातात. त्याबद्दल हळहळू नये. पुढल्या वर्षीच्या मुलांना नकाशा करावयास मिळतो. ठाणे जिल्ह्यात बोर्डीस १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी पाने, बिया, शंख, खडे हीच साधने मानली, ती केवळ पैसा नव्हता म्हणून नव्हे. मुलांच्या ओळखीची वस्तू हाती दिली तर बोलणे लवकर सुटते हे त्यांनी पाहिले होते.

या वर्षी एक प्रयोग करून पाहावा अशी विनंती आहे. मेळघाटातील एका शाळेने व पायनघाटातील एका शाळेने जोडी जुळवावी. मेळघाटच्या मुलांनी सागाचे पान, मोहाचे वाळलेले फूल, ओढ्यातील गोटा आणि आपल्या गावाचा मुका नकाशा अशी पेटी पाठवावी. पायनघाटच्या मुलांनी सरकी, पऱ्हाटीचे बोंड, काळ्या मातीची पुडी आणि थाळीतील पांढरा थर कागदात बांधून उलट पाठवावा. प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी असावी : एकीकडून कोरकू व मराठी नाव, दुसरीकडून वऱ्हाडी व पुस्तकी नाव. पेटी पाठविण्यापूर्वी तिचा रस्ता अंथरलेल्या नकाशावर बोटाने चालून पाहावा : धारणी, हरिसाल, सेमाडोह, परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर. कोठे घाट उतरला, कोठे सपाटी लागली, कोणत्या नद्या ओलांडल्या, हे मुलांनी सांगावे. पेटीवरचा पत्ता मुलांच्याच अक्षरात असावा. तो खाडाखोडीचा झाला तरी शिक्षकांनी पुन्हा लिहू नये. पेटी नेण्या-आणण्याचे काम केंद्राच्या मासिक सभेस येणाऱ्या शिक्षकांकडून सहज होईल, आणि आलेल्या वस्तू प्रतिकृतीवर आपापल्या जागी मांडण्यास एक शनिवार पुरेल.